मागच्या फळीवरची बाटली

मंगळवार, ३ सप्टेंबर

ती. आत्यास,
तुझ्या फूटपट्टीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली आहे. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं लिहिते. दादाने दुकानात स्पिरिटची बाटली लपवली आहे असं मी लिहिलं होतं. हे बरोबर नाही. मी पाहिलं ते इतकंच, की दुकानात मागच्या फळीवर, सरसाच्या डब्यांच्या आड, स्पिरिटची बाटली आहे. ती दादाने ठेवली हे मी पाहिलेलं नाही, ते मला वाटलं. शाळेत घालण्याआधी तू मला बाबांच्या कामाच्या बाकावर बसवून लिहायला शिकवलंस, तेव्हा पाहिलेलं एका ओळीत आणि वाटलेलं दुसऱ्या ओळीत लिहायला लावायचीस. मी दोन्ही एकाच ओळीत कोंबलं. रात्रभर ते टोचत राहिलं.

तर आता पाहिलेलं लिहिते. बारा ऑगस्टला मी मेणाचा डबा शोधत होते आणि बाटली सापडली. उघडून वास घेतला. स्पिरिटच आहे, त्यात शंका नाही. दोन वर्षांपूर्वी दादाला व्यसनमुक्ती केंद्रात पोचवून आल्यावर बाबांनी दुकानातलं सगळं स्पिरिट पाळकसाहेबांच्या देखत परसातल्या मोरीत ओतलं, हे तुला माहीत आहेच. तेव्हापासून आपल्याकडे फक्त तेल आणि मेण यांचं काम होतं. आरशासारखं पॉलिश हवं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना बाबा सरळ सांगतात की आमच्याकडे स्पिरिटचा थेंबही नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, बाबा ताठ मानेने काचपेपर घासत बसतात. आणि इथे अख्खी बाटली.

तेरा ऑगस्टला मी स्पिरिट जिथपर्यंत होतं तिथे कागदाची बारीक पट्टी डकवली. आज मोजलं. एकवीस दिवसांत पातळी एकोणीस मिलिमीटर उतरली आहे.

आणखी पाहिलेलं. दादा सकाळी सगळ्यांच्या आधी शटर उघडतो आणि त्या फळीसमोर जाऊन उभा राहतो. एक हात फळीखालच्या भिंतीवर, ओठ हलत असतात. मी आतल्या दारातून चार वेळा पाहिलं आहे. त्याच्या खिशात कायम पेपरमिंट असतं. दर गुरुवारी चार ते सहा तो फिरायला जातो म्हणतो, पण परत येतो तेव्हा बुटांवर धूळ नसते. दोन तास फिरून आलेल्या माणसाचे बूट कसे असतात ते मी मुद्दाम स्वतः फिरून येऊन पाहिलं. असे नसतात.

आता वाटलेलं, वेगळ्या ओळीत: तो पुन्हा पितो आहे.

तू म्हणशील, इतकी घाई कसली. आत्या, सहा ऑक्टोबरला आपल्या चर्चची मंडळी दादाला प्रभुभोजनात परत घेणार आहे. परत आल्यापासून सात महिने तो शेवटच्या बाकावर बसतो आणि प्रभुभोजनाची भाकर फिरायची वेळ झाली की उठून बाहेर पायरीवर जातो. बाबा मंडळीचे पंच आहेत, भाकरीचं ताट त्यांच्याच हातात असतं. दर वेळी दादा बाहेर पडला की बाबांच्या हातातलं ताट किंचित कलतं, ते मला दिसतं. कुणाची काही हरकत असेल तर पंधरा सप्टेंबरच्या आत सांगा, असं पाळकसाहेबांनी घरातल्या प्रत्येकाला विचारलं आहे. मला माहीत असून मी गप्प राहिले तर मी देवासमोर खोटी. बोलले आणि चुकले तर दादा पुन्हा पायरीवर, कदाचित कायमचा. याच स्पिरिटने त्याचा डावा डोळा अर्धा नेला. उजवाही जायची वाट बघायची का?

काय करू ते लवकर कळव. रागावलीस तर राग पत्रात घाल, पण माया आखडती घेऊ नकोस.

तुझी,
फूटपट्टी


रविवार, ८ सप्टेंबर

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

एकोणीस मिलिमीटर! देवाने तुला डोळे दिले आणि माझ्या भावाने त्यांना पट्टी जोडली. इथे वसतिगृहात माझ्या बेचाळीस मुली आहेत. त्यातल्या कुणी साखर पळवली तर मी डब्याकडे बघत नाही, मुलींच्या तोंडाकडे बघते. तू चार वेळा भावाचे ओठ बघितलेस आणि एकदाही त्याला विचारलं नाहीस, काय रे पुटपुटतोस म्हणून. आणि बुटांची धूळ तपासायला स्वतः फिरून आलीस! मेट्रन मी आहे की तू?

पण थट्टा पुरे. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेव, असं मी म्हणणार नाही. मी तसा चार वेळा ठेवला. चौथ्या खेपेला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला होता, आणि त्याच वेळी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातली बाटली माझ्या बरगडीला लागत होती. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तसं आपल्या सगळ्यांचं झालंय. तेव्हा तुझा संशय मला वेडगळ वाटत नाही. फक्त तो अजून कच्चा आहे. कच्च्या पॉलिशवर बोट ठेवलं की बोटाचा ठसा कायमचा राहतो, हे तुला मी सांगायला नको.

मला तीन गोष्टी कळव. बाटली कशी आहे? ती नेमकी कुठे आहे? आणि तू रोज बघतेस म्हणजे काय करतेस, हाताने करून दाखवल्यासारखं लिही. माझं उत्तर येईपर्यंत पाळकसाहेबांकडे जायचं नाही. तुझ्या दादालाही मी वेगळं पत्र टाकते आहे. त्याला विचारायचं ते मी सरळ विचारते, या वयात मला कुणाची भीड?

जेवणाकडे लक्ष दे. काळजीत तू अर्धपोटी राहतेस आणि मग तुला आणखी काळज्या सुचतात. पत्राची वाट बघणारी,

तुझी आत्या


शुक्रवार, १३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. मी मंगळवारीच पाळकसाहेबांकडे जाऊन आले होते. पंधरा तारीख जवळ येत होती, मला झोप लागत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तू थांब म्हणशील अशी भीती वाटत होती. हे शेवटचं कारण मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

उपासनागृहाच्या मागे त्यांची लांबोळकी खोली आहे, एका भिंतीला घडीच्या खुर्च्या रचलेल्या असतात. त्यातली एक काढून त्यांनी मला बसवलं. मी सगळं सांगितलं. त्याला पिताना पाहिलंस का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. पातळी उतरताना पाहिली, असं सांगितलं. बाटलीची गोष्ट मी तपासून घेईपर्यंत पंचांना सांगू नका, अशी मी त्यांना विनंती केली. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत काढत बसले. आत्या, त्यांना आश्चर्य वाटलं नाही. माझं मन तिथेच अडकलं आहे. घरातल्या माणसाने असं सांगितल्यावर कुणीही दचकेल. ते दचकले नाहीत. म्हणजे त्यांना काहीतरी आधीच माहीत आहे आणि ते आम्हाला सांगत नाहीत.

बुधवारी ते दुकानात आले आणि दादाला बाहेर पायरीवर घेऊन गेले. मी आत खुर्चीचा वेत भिजवत होते, काचेतून दिसत होतं. दादा चिंध्यांनी हात पुसत ऐकत होता. एकदा मान हलवली, दोनदा हलवली. मग आत आला आणि ज्या खुर्चीच्या हातावर काम करत होता तो हात पुन्हा घासायला घेतला. कुणी सांगितलं हे त्याने विचारलं नाही. सध्या थांबायचं ठरलंय, एवढंच बाबांना म्हणाला. जेवताना मला पाणी हवं होतं. मी मागायच्या आधीच त्याने तांब्या माझ्याकडे सरकवला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. न ओरडणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं?

बाबा तेव्हापासून दादाशी बोललेले नाहीत. अपराधी सापडल्यासारखे दिसत नाहीत, घरातलं कुणी वारल्यासारखे दिसतात. आणि काल मी पाहिलं, ते मागच्या फळीकडे बघत होते. मी आत आल्यावर त्यांनी मान वळवली. आता मला बाबांचाही संशय येतो आहे. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण आलेला संशय तुझ्यापासून लपवणं जास्त वाईट.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बाटली जाड, हिरवट काचेची आहे. बुडाला एका बाजूने टवका उडाला आहे. तोंड इतकं रुंद की माझी मूठ आत जाईल. बूचही काचेचंच. ती वरच्या फळीवर आहे, ज्या शेगडीवर सरस तापवतो तिच्या बरोबर वर. मी रोज जेवणानंतर, दोघं आडवे झाले की, स्टुलावर चढते. बूच उचलते, वास घेते (पाणी ओतून पातळी भरली नाही ना, हे बघायला), पट्टीने मोजते आणि बूच पुन्हा ठेवते. पहिल्या दिवशी ते इतकं घट्ट होतं की दोन्ही हातांनी पिळावं लागलं आणि काचेवर काच घासून केवढ्याने किरकिरलं. तेव्हापासून मी ते नुसतं वर टेकवून ठेवते, म्हणजे दादाला ऐकू जाणार नाही.

आजची पातळी, खुणेपासून खाली सत्तावीस मिलिमीटर. म्हणजे पाळकसाहेब बोलून गेल्यावरही तो थांबलेला नाही.

माझ्यावर रागावली असशील. तरी पत्र पाठवायचं बंद करू नकोस, एवढं मागते.

तुझी,
फूटपट्टी


गुरुवार, १९ सप्टेंबर

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदा हसले, आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

अगं, पॉलिशवाल्याची पोर ना तू? चार पिढ्यांच्या हातांना ज्याचा वास, ते स्पिरिट भांड्यात गुमान बसून राहतं असं तुला कुणी सांगितलं? ते उडतं! तुझे आजोबा बोळा बुडवून आम्हाला ओरडायचे, आधी बूच, मग बोलणं. एकदा मी बाटली उघडी टाकून खेळायला गेले तर संध्याकाळी त्यांनी मला रिकामी जागा बोटाने मोजून दाखवली होती. पण तुझा काय दोष. तू हाताशी आलीस तेव्हा तुझी आई आजारी होती आणि तुला आम्ही अक्षरं शिकवली, धंदा नाही. आणि गेली दोन वर्षं तर दुकानात स्पिरिटच नाही.

आता तुझंच पत्र तुला वाचून दाखवते. तोंड मुठीएवढं रुंद. खाली रोज शेगडी पेटते. बूच महिनाभर नुसतं टेकवलेलं. वर तू रोज उघडून वास घेणार! दादाच्या घशात किती गेलं ते मला माहीत नाही. हवेत किती गेलं ते मात्र तू स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवलं आहेस.

तरी मी म्हणते म्हणून मानू नकोस. बूच पिळून घट्ट बसव, किरकिरलं तर किरकिरू दे. कडेने मेण वितळवून ओत. नवी पट्टी डकव आणि सात दिवस बाटलीला हात लावू नकोस. मेण फुटलं आणि पातळी उतरली तर तुझं खरं. मेण शाबूत आणि पातळी जागच्या जागी, तर तुला पाळकसाहेबांना घडीची खुर्ची पुन्हा उघडायला लावावं लागेल.

आणखी एक. हिरवट काच, बुडाला टवका. तो टवका तुझ्या बापाने बारा वर्षांचा असताना उडवला आणि थप्पड मी खाल्ली. ती तुझ्या आजोबांची बाटली आहे. म्हणजे कुणी बाहेरून आणलेली नाही, घरातलीच आहे. मागच्या फळीवर ती कुणी ठेवली हे मी इथून पाहिलेलं नाही, त्यामुळे त्या ओळीत मी काही लिहीत नाही.

सोबत तुझ्या दादाचं पत्र ठेवते. ते मंगळवारी आलं. तुला दाखवायला त्याची हरकत नाही, बाबांना मात्र दाखवायचं नाही. वाचून झालं की परत पाठव, ते मला माझ्यापाशी हवं आहे.

तुझ्यावर रागावले आहे, आणि तुझ्याशिवाय मला पत्र लिहायला दुसरं कोण आहे? दोन्ही खरं.

तुझी आत्या


(सोबतचं पत्र)

रविवार, १५ सप्टेंबर

ती. आत्यास,
थोरल्याचा सा. न. वि. वि.

पितोस का, असं तू एका ओळीत विचारलंस. बरं वाटलं. इथे सगळे माझ्या तोंडाजवळ येतात आणि हवापाण्याबद्दल बोलतात.

तर ऐक. केंद्रातून आल्यावर एकदाच प्यालो. मे महिन्यात, लाकडाच्या वखारीमागे, एका माणसाबरोबर, ज्याचं नावही मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेबांच्या दारात जाऊन सांगितलं. म्हणून माझं प्रभुभोजनात परत येणं जूनमध्ये व्हायचं होतं ते ऑक्टोबरवर गेलं. बाबांना हे मी सांगितलेलं नाही. ती माझी भीती, तिला दुसरं नाव देत नाही. त्यानंतर थेंब नाही. तू मानावंस असा पुरावा माझ्याकडे नाही.

बाटली मला आल्यावर पहिल्या आठवड्यातच दिसली. ज्याने आयुष्यभर बाटल्या लपवल्या त्याला दुसऱ्याने लपवलेली दिसायला किती वेळ लागतो? ठेवली आहे बाबांनी. दुसऱ्या कुणाला तिथे हात पुरवायला स्टूल लागेल. मी बोललो असतो तर मी सुटलो असतो आणि बाबा बुडाले असते. सगळ्यांदेखत त्यांनी मोरीत ओतलं होतं. शिवाय बाटली माझी नाही, बापाची आहे, असं दारुड्याने म्हटलं तर ऐकणारा हसेल. मीच हसलो असतो.

फूटपट्टी मला सकाळी फळीसमोर उभा असलेला बघते, मला माहीत आहे. आतल्या दाराची बिजागरी वाजते. मी तिथे उभा राहून म्हणतो, प्रभू, आज माझ्याने होणार नाही, तू धर. रोज हेच. दुसरं काही येत नाही. केंद्रात असताना मला वाटायचं, आपण खुर्ची दुरुस्त करतो तसा तो मला करील. भेग भरायची, रंग मिळवायचा, वरून पॉलिश, गिऱ्हाइकाला सांधा दिसता कामा नये. तसं झालं नाही. भेग आहे तिथेच आहे. मेमध्ये वखारीमागे मला ते नीट कळलं. त्याआधी मी बरा झालेला माणूस म्हणून फिरत होतो आणि कुणाला हाक मारायची गरज वाटत नव्हती. आता रोज सकाळी वाटते. जिथे तुटलो तिथेच त्याचा हात लागतो, धड भागाला मी त्याला कधी हात लावू दिला नव्हता. मला याहून बरं सांगता येत नाही. पाळकसाहेब सांगतात तेव्हा छान वाटतं, मी सांगितलं की सरसासारखं चिकट होतं.

गुरुवारी मी फिरायला जात नाही. चार दुकानं सोडून शिंप्याच्या माडीवर आमच्यासारख्यांची बैठक असते. आम्ही तिला मोडक्यांची बैठक म्हणतो. चहा भयंकर असतो. तिथे सगळे पेपरमिंट चघळतात, कारण प्रत्येकाच्या घरी कुणीतरी तोंडाचा वास घेणारं आहे.

डावा डोळा तसाच. चकाकी नीट दिसत नाही, म्हणून मी आता तळहात फिरवून बघतो. बाबांना वाटतं मी नाटक करतो.

माझ्याबद्दल पाळकसाहेबांना फूटपट्टीने सांगितलं. त्यांनी नाव घेतलं नाही, पण मिलिमीटरमध्ये बोलणारी घरात एकच आहे. एक अख्खा दिवस मला तिचा राग होता. मग वाटलं, इतकी वर्षं हिने माझं खोटं खरं मानलं, आता एकदा माझं खरं खोटं मानलं तर हिशेब अजून माझ्याच अंगावर आहे. हे पत्र तिला दाखव. बाबांना नको. बाबांचं बाबांनीच सांगायला हवं.

तुझ्या मुलींना सलाम. आपला लोभ आहे म्हणून एवढं लांब लिहिलं.

तुझा,
थोरला


मंगळवार, १ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र सोबत परत पाठवते. एका कोपऱ्यावर डाग पडला आहे, तो माझ्यामुळे.

तू सांगितलंस तसं केलं. बावीस तारखेला, रविवारी, बूच पिळून बसवलं, मेण ओतलं, पट्टी डकवली. सात दिवस स्टुलावर चढले नाही. चौथ्या दिवशी स्टुलाजवळ गेले होते, हेही लिहून ठेवते. एकोणतीसला बघितलं. मेण शाबूत. पातळी जागच्या जागी, एक मिलिमीटरही खाली नाही.

मग बाटली खाली काढून धूळ पुसली, तेव्हा मागच्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. कानशीने काढलेली बारीक रेघ. माझ्या पहिल्या पट्टीच्या बरोबर रेषेत. आत्या, माझ्या आधी कुणीतरी तिथे खूण केली होती, आणि माझी पट्टी डकवेपर्यंत पातळी त्या खुणेवरून हललेली नव्हती.

मी बाटली बाबांसमोर बाकावर ठेवली. बाबांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. चष्मा स्वच्छ होता. शेवटी म्हणाले, की मोरीत ओतताना एवढी एक मागे ठेवली, वडिलांची म्हणून आणि कधीतरी एखादं शेवटचं चांगलं काम येईल म्हणून. मग फेब्रुवारीत दादा आला तेव्हा ती टाकून द्यायची होती. टाकली नाही, रेघ काढली. स्वतःला सांगितलं, की ही खबरदारी आहे. सहा महिने रोज खालून बघायचे, पातळी रेघेवर असायची, आणि त्यांना वाटायचं, आपला मुलगा टिकतोय. ऑगस्टमध्ये ती उतरायला लागली. पाळकसाहेबांनी पंचांना थांबायचं का असं विचारलं तेव्हा सगळ्यांत आधी मान बाबांनी हलवली होती.

म्हणजे माझ्या टेकवलेल्या बुचाने मला एकटीला फसवलं नाही, बाबांनाही फसवलं. मी बूच कसं ठेवत होते ते त्यांनी मला करून दाखवायला लावलं. मी दाखवलं. त्यांनी त्यावर हात ठेवून एकदा पिळलं. ते किरकिरलं आणि दादा बाहेरून आत आला. त्याने बाटली पाहिली, बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दादा म्हणाला, की एवढी माणसं जमलीच आहेत तर चहा टाकतो, शिंप्याच्या माडीवरच्यापेक्षा बरा होईल. माडीचं बाबांना काही माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं कुठली माडी, आणि दादाने सांगायला सुरुवात केली. वखारीपर्यंत येऊन तो थांबला. मग तेही सांगितलं. बाबांनी त्याच्या हाताचा तळवा उलटा करून बराच वेळ बघितला, लाकूड बघतात तसा.

हे वाचून सगळं मिटलं असं समजू नकोस. काल संध्याकाळी दादा जवळून गेला तेव्हा मी श्वास आत ओढला. वास घ्यायला. आपोआप. तो उद्या पिणार नाही हे मी पाहिलेलं नाही, त्याने तरी कुठे पाहिलंय. मला आजवर प्रभुभोजन परीक्षेसारखं वाटायचं. आदल्या दिवशी मी आठवडाभराचं सगळं तपासून, जिथे खोट असेल तिथे माफी मागून, स्वच्छ होऊन जायचे. या वेळी तपासायला बसले आणि पान संपेना. ज्या सावधपणाला मी माझी ताकद समजून जपत होते तो ताकद नव्हताच, तीच माझी भेग होती. हे कळल्यावर मी कोसळेन असं वाटलं होतं. कोसळले नाही. सकाळी, दादा फळीसमोरून निघाल्यावर, मी तिथे जाऊन उभी राहिले. काय म्हणायचं सुचेना, म्हणून त्याचंच वाक्य म्हटलं. चाललं.

पाळकसाहेबांकडे मी एकोणतीसलाच जाऊन आले. ते फार चांगले आहेत. मी पंचांना चिठ्ठी लिहून कळवतो, तू त्रास घेऊ नकोस, असं म्हणाले. मी नको म्हणाले. माझा संशय चिठ्ठीने पोचलेला नव्हता, माझ्या तोंडून निघून सहा माणसांपर्यंत गेला आणि त्यावर माना हलल्या. त्या सहा माणसांसमोर मला उभं राहायचं आहे. त्यात बाबाही बसलेले असतील. बाटली कुणाची ते सांगू नकोस, असं बाबा काल सकाळी म्हणाले. दुपारी म्हणाले, सांग. संध्याकाळी म्हणाले, मी बघतो. मी त्यांचं सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही, हे त्यांना सांगून ठेवलं आहे. ते आदल्या दिवसापर्यंत काय ठरवतील याचा अंदाज मी करत नाही. अंदाज करायला मला सध्या मनाई आहे, मीच केलेली.

माझी वाक्यं तीन आहेत. बूच मी सैल ठेवलं. जे उडालं ते मी भावाच्या घशात घातलं. सहा तारखेला त्याला आत बसू द्यावं अशी माझी विनंती आहे, आणि माझं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. तिसरं वाक्य लांब आहे, पण तोडलं तर अर्थ जातो.

तू इतकी वर्षं माझ्या चुका लाल पेन्सिलीने गोल करून त्याखाली पुन्हा लिही म्हणायचीस, कधी खोडून टाक म्हणाली नाहीस. तशीच राहा.

पंचांची बैठक शुक्रवारी, चार ऑक्टोबरला, संध्याकाळी सहा वाजता आहे. मी पावणेसहाला जाऊन दारात बसणार आहे.

तुझी,
फूटपट्टी